करंडक नको, प्रशिक्षक हवा

१ डिसेंबरचा जागतिक एड्स दिन जवळ आला की आपल्याकडे एक ठरलेला सामना होतो. छातीवर लाल रिबीन छापलेले टी-शर्ट, मैदानाच्या कडेला फ्लेक्स, पाहुण्यांच्या पायाने चेंडूला मानाची पहिली किक, दोन भाषणं, वडापाव आणि संध्याकाळी करंडक. पोरं खेळतात, फोटो निघतात, सगळे घरी जातात. एचआयव्ही कशाने होतो, निरोध कसा वापरायचा, चाचणी कुठे होते, यातलं काहीही त्या दिवशी त्या पोरांच्या कानावर गेलेलं नसतं. त्यामुळे ‘फुटबॉलमधून एचआयव्ही प्रतिबंध’ असं म्हटलं की शहाणी माणसं नाक मुरडतात. ते मला समजतं. पण त्यावरून ‘हा सगळाच खेळखंडोबा आहे’ असा निकाल ती देतात, तो मला मान्य नाही. जी गोष्ट इथे कधी नीट करूनच पाहिली नाही, ती फसली असं कसं म्हणायचं?

ती नीट करतात तेव्हा कशी दिसते, ते आधी पाहू. झिम्बाब्वेत व्यावसायिक फुटबॉल खेळलेल्या टॉमी क्लार्कने २००२ मध्ये काही जणांना सोबत घेऊन ‘ग्रासरूट सॉकर’ ही संस्था काढली. तिच्या एका खेळात मुलं दोन रांगांत समोरासमोर उभी राहतात. एका रांगेतली मुलं पाठीमागे हात धरून एक छोटा चेंडू एकमेकांच्या हातांत सरकवतात. समोरच्यांनी ओळखायचं की चेंडू कुणाकडे आहे. अंदाज पुन्हा पुन्हा चुकतात. मग प्रशिक्षक सांगतो की हा चेंडू म्हणजे एचआयव्ही होता. तोंडाकडे पाहून कळला का? दुसऱ्या खेळात जमिनीवर शंकू मांडलेले असतात आणि प्रत्येक शंकूला एका धोक्याचं नाव दिलेलं असतं. मुलाने चेंडू ड्रिबल करत त्यांच्यामधून न्यायचा. शंकूला लागला तर आधी त्या मुलाने जोर काढायचे, पुढच्या फेरीत त्याच्या संघाने, त्याच्या पुढच्या फेरीत सगळ्यांनी. एकाच्या चुकीचं ओझं घरावर आणि वस्तीवर कसं येतं, हे दंडांत कळ आल्यावर समजतं. भाषणाने एवढं होत नाही.

आता आक्षेपांकडे वळतो. पहिला आक्षेप : ‘एचआयव्ही आता राहिलाय कुठे?’

राहिला आहे. नवी लागण २०१०च्या तुलनेत २०२३ पर्यंत देशात ४४ टक्क्यांनी घटली हे खरं, आणि ते हजारो समुपदेशकांचं, परिचारिकांचं आणि स्वतः बाधित असलेल्या कार्यकर्त्यांचं श्रेय आहे. पण देशात आजही २५ लाखांहून अधिक लोक एचआयव्हीसह जगतात, त्यांतले जवळपास ४ लाख महाराष्ट्रात, म्हणजे कोणत्याही राज्यापेक्षा जास्त. २०२३ या एका वर्षात ६८ हजारांवर माणसांना नव्याने लागण झाली. २००४ पासून सरकारी रुग्णालयांत एचआयव्हीवरची एआरटी औषधं मोफत मिळू लागली, मृत्यू घटले आणि त्याबरोबर आपलं बोलणंही घटलं. नव्वदच्या दशकातल्या भिंतींवर निदान कवटी तरी रंगवलेली असे. ती भीती वाईटच होती. तिच्या जागी माहिती यायला हवी होती, आली शांतता. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत एचआयव्हीबद्दल पुरेशी आणि अचूक माहिती असलेल्या स्त्रिया २२ टक्क्यांच्या आत निघाल्या आणि पुरुष ३१ टक्क्यांच्या आत. ज्या देशात हा विषाणू १९८६ मध्ये सापडला, तिथे इतक्या वर्षांनंतरची ही स्थिती आहे.

दुसरा आक्षेप अधिक जाणत्यांचा आहे आणि मला तो सर्वांत वजनदार वाटतो. ते म्हणतात, भारतातली साथ सर्वसामान्य लोकसंख्येत पसरलेली नाही. ती देहविक्रय करणाऱ्या स्त्रिया, पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष, तृतीयपंथी, सुईने नशा करणारे, ट्रकचालक, स्थलांतरित मजूर अशा गटांभोवती एकवटलेली आहे. तेव्हा पैसा त्या गटांतल्या कामावरच लावा, शाळकरी पोरांच्या फुटबॉलवर कशाला? यातलं अर्धं मी बिनशर्त मान्य करतो. त्या कामाचा एक रुपयाही मैदानाकडे वळवू नये. पण या गटांत माणसं येतात कुठून? आपल्याच पट्ट्यात उल्हासनगर कॅम्प ५ मधल्या जीन्सच्या कारखान्यांत, अंबरनाथच्या एमआयडीसीतल्या कंत्राटी पाळ्यांत, बदलापूरच्या पुढच्या आदिवासी वाड्यांतून वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर जी पोरं राबतात, त्यांतलंच कुणी उद्याचा ट्रकचालक असतं, कुणी उद्याचा स्थलांतरित मजूर. सोळा वर्षांचा मुलगा स्वतःला कुठल्याही ‘जोखमीच्या गटात’ मोजत नाही. मोजू लागतो तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. सरकारचे रेड रिबन क्लब आहेत, पण ते महाविद्यालयांत. दहावीआधीच शाळा सोडून धाग्यादोऱ्यांत आणि धुलाईच्या पाण्यात हात घातलेल्या पोरापर्यंत ते पोचणार कसे? तो संध्याकाळी भेटेल तर मैदानातच.

तिसरा आक्षेप संस्कारांचा. मुलांशी असलं बोललं की मुलं बिघडतात. २००७ मध्ये याच भीतीपायी महाराष्ट्राने शाळांतल्या लैंगिक शिक्षणाच्या कार्यक्रमावर बंदी घातली, आणि विधिमंडळात तेव्हा जवळपास सगळे पक्ष एका सुरात बोलले. ज्या राज्यात रघुनाथ धोंडो कर्व्यांनी १९२१ मध्ये संततिनियमनाचं केंद्र काढलं, गुप्तरोगांपासून बचाव कसा करावा यावर पुस्तक लिहिलं, १९२७ पासून मरेपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ चालवलं, ज्यांच्या बाजूने १९३४च्या अश्लीलतेच्या खटल्यात डॉ. आंबेडकर उभे राहिले, त्या राज्याने हे केलं. कर्व्यांचे पुतळे आपण फारसे उभारले नाहीत, ते एका अर्थी बरंच झालं. पुतळ्यासमोर उभं राहून ही बंदी घालणं अवघड गेलं असतं.

संस्कारांची ढाल पुढे करणाऱ्यांना मी बदलापूरचीच आठवण देईन. ऑगस्ट २०२४ मध्ये इथल्या एका शाळेत दोन लहानग्या मुलींवर अत्याचार झाल्याचं उघड झालं आणि २० तारखेला लोक रुळांवर उतरले. दिवसभर लोकल थांबल्या. तो राग खरा होता. पण राग ओसरल्यावर आपण मुलांच्या हाती काय दिलं? शरीराच्या अवयवांना नावं, ‘नको’ म्हणायचा सराव, आणि जे घडलं ते ज्याला सांगता येईल असं एखादं मोठं माणूस, एवढं तरी प्रत्येक मुलाजवळ हवं की नको? शब्द नसलेलं मूल जास्त असुरक्षित असतं. एचआयव्हीबद्दल बोलणं आणि मुलाच्या सुरक्षिततेबद्दल बोलणं या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. संमती, दबाव, नकार, मदत मागणं, हे सगळं एकाच पाठात येतं.

याच घटनेमुळे माझ्या बाजूवरही एक जबाबदारी येते आणि ती टाळून पुढे जाणं अप्रामाणिकपणाचं होईल. मुलांशी शरीराबद्दल बोलायचा अधिकार प्रशिक्षकाला द्यायचा, तर तो माणूस कोण आहे हे आधी पाहिलं पाहिजे. पोलीस पडताळणी, कायम दोन मोठी माणसं हजर, त्यांत एक स्त्री, सगळं बोलणं उघड्या मैदानात, एकट्या मुलाला कुठेही नेणं नाही, आणि तक्रार करायला मंडळाबाहेरचा माणूस. या अटी पाळता येत नसतील तर कार्यक्रम सुरूच करू नका. मी फुटबॉलचा कैवारी आहे, तरी हे म्हणतो.

चौथा आक्षेप : ‘क्रिकेट आणि कबड्डीच्या मुलखात फुटबॉल कशाला?’ याला उत्तर सोपं आहे. खेळ पवित्र नाही. मुंबईत २००८ पासून ‘परिवर्तन’ या प्रकल्पात क्रिकेटच्या प्रशिक्षकांना तयार केलं होतं, मुलींशी आणि बायकांशी कसं वागायचं हे त्यांनी मुलांशी बोलावं म्हणून. पुढे गोवंडीच्या शिवाजीनगरात मुलींसाठी हेच काम कबड्डीतून झालं. एचआयव्हीच्याच कामातून उभ्या राहिलेल्या नाझ फाउंडेशनने २००६ मध्ये दिल्लीत मुलींसाठी नेटबॉल निवडला. फुटबॉलच्या बाजूने बोलायचं तर एवढंच : एक चेंडू वीस-पंचवीस मुलांना पुरतो. पॅड, बॅट, हेल्मेट लागत नाही. खेळ कळायला पाच मिनिटं पुरतात. नागपुरात विजय बारसे यांनी पावसात फुटकी बादली लाथाडणारी पोरं पाहिली आणि २००१ पासून झोपडपट्टी फुटबॉल उभा राहिला, हे ‘झुंड’ चित्रपटामुळे आता घरोघरी ठाऊक आहे. आणि आपल्या पट्ट्याला फुटबॉल परका नाही. अंबरनाथचं नाव घेऊन अंबरनाथ युनायटेड अटलांटा हा क्लब २०२२-२३च्या आय-लीग २ मध्ये खेळला.

फुटबॉलच्या नियमांतही एक तयार धडा आहे. रक्त येत असलेल्या खेळाडूला पंच मैदानाबाहेर काढतो आणि रक्त थांबल्याशिवाय परत घेत नाही. तो कोण, त्याला काय आजार आहे, हे कुणी विचारत नाही. नियम सगळ्यांना सारखा. एचआयव्हीसह जन्मलेली, रोजची गोळी घेऊन निरोगी वाढलेली मुलं आज आपल्यात आहेत आणि त्यांना खेळायचा तितकाच हक्क आहे. घामाने, एका बाटलीतून पाणी प्यायल्याने, धक्काबुक्कीने एचआयव्ही होत नाही. हे वाक्य फलकावर वाचणं वेगळं, आणि रोज एकाच बाटलीतून पाणी पिणाऱ्या संघात ऐकणं वेगळं. २०१७चा एचआयव्ही कायदा भेदभावाला बंदी करतो आणि कुणाची बाधा उघड करायलाही. म्हणून प्रशिक्षकाने एकाही मुलाला ‘तुझा रिपोर्ट काय’ असं विचारायचं नाही, आणि कुणी आपणहून सांगितलं तर ते त्याच्यापाशीच राहिलं पाहिजे.

राहिला शेवटचा आक्षेप : याने खरंच फरक पडतो का? फुगवून सांगत नाही. अशा कार्यक्रमांनी माहिती वाढते, बाधितांबद्दलची घृणा कमी होते, मुलं बोलू लागतात, याचा पुरावा चांगला आहे. वागणूक बदलते याचा पुरावा त्या मानाने तोकडा आहे. पण झिम्बाब्वेतल्या बुलावायोच्या शाळांत झालेल्या एका चाचणीकडे पाहा. तिथे वैद्यकीय सुंता हा प्रतिबंधाचा एक मार्ग मानला जातो. आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात तो नाही, पण मुद्दा वेगळा आहे. ज्या मुलांना फुटबॉलचं सत्र मिळालं त्यांतली सुमारे १२ टक्के सुंतेसाठी दवाखान्यात गेली. न मिळालेल्यांतली ५ टक्क्यांहूनही कमी. आणि सत्र घेणारा प्रशिक्षक काय करत होता? आपली स्वतःची गोष्ट सांगत होता, नंतर फोन करत होता, मुलांसोबत दवाखान्याच्या दारापर्यंत जात होता. चेंडूने मुलं गोळा केली, आणि पुढचं काम त्या माणसाने केलं.

करंडकवाल्यांशी माझं भांडण आहे ते इथे. एका दिवसाच्या सामन्यात हा माणूस कुठेच नसतो. पाहुणा येतो आणि जातो. आठवड्यातून तीन संध्याकाळी त्याच वीस पोरांना भेटणारा, कोण दोन दिवस आला नाही आणि का आला नाही हे जाणणारा, सिंधी, मराठी, हिंदी जी भाषा घरात असेल तिच्यात बोलणारा, स्वतः याच वस्तीतला वीस-बावीस वर्षांचा दादा किंवा ताई, ते या कामाचं खरं साधन आहे. घरी बापाला विचारता येत नाही, शाळेत सरांना विचारता येत नाही, आणि मोबाइल जे दाखवतो त्याने प्रश्न वाढतात. ‘दादा, एक विचारू का?’ असं ज्याला विचारता येतं, असा माणूस या वयात क्वचित कुणाला मिळतो.

जागेचा प्रश्न मात्र खरा आहे. उल्हासनगरच्या १३ चौरस किलोमीटरांत २०११च्या जनगणनेतच ५ लाखांवर माणसं होती. गोल मैदान, व्हीटीसी मैदान अशा मोजक्या मोकळ्या जागांवर किती जणांनी किती वेळा खेळायचं? बाकीची हौस आता ताशी पैसे मोजून टर्फवर भागवली जाते, आणि जीन्सच्या कारखान्यातलं पोरगं तिथे पोचत नाही. मुलगी तर त्याहून नाही. संध्याकाळच्या दोन ठरलेल्या वेळा मुलींसाठी राखल्या नाहीत, तर हा कार्यक्रम मुलग्यांचाच होऊन बसेल आणि अर्धी वस्ती बाहेर राहील.

उल्हासनगर महापालिकेला, अंबरनाथ आणि कुळगाव-बदलापूर नगरपालिकांना, आणि फ्लेक्सवर ज्यांचे फोटो असतात त्या सर्वांना माझी विनंती आहे. या १ डिसेंबरला करंडक ठेवू नका. मंडप, टी-शर्ट, करंडक, जेवण यांचा खर्च एकत्र मांडा आणि त्यातून वस्तीतल्या एका मुलाला आणि एका मुलीला प्रशिक्षक म्हणून वर्षभर मानधन द्या. सरकारी रुग्णालयातल्या एचआयव्ही समुपदेशकाकडून त्यांना तयार करून घ्या आणि त्याच समुपदेशकाला महिन्यातून एकदा मैदानावर बोलवा. मुलांची त्याच्याशी ओळख झाली की अठरा पूर्ण केलेली आपणहून चाचणीला जातील. ती चाचणी मोफत होते, संमतीशिवाय होत नाही, आणि निकाल दुसऱ्या कुणाला सांगितला जात नाही. ज्याला आज, आत्ताच काही विचारायचं आहे, त्याच्यासाठी १०९७ हा क्रमांक आहे. त्याला पैसे पडत नाहीत.