फोटोत शेत दिसत नाही म्हणे!

दळीच्या दाव्यावर साहेब म्हणतात, "सॅटेलाइटच्या फोटोत शेत नाही." आपण गप्प. का? विचारा, फोटो कोणत्या साली, कोणत्या महिन्यात काढला? नाचणी-वरी काढून जमीन पडीक टाकली की वरून झुडपंच दिसणार. ताबा 13 डिसेंबर 2005 आधीचा दाखवायचा, मग नंतरचा फोटो काय सांगणार? 2012 च्या सुधारित नियमांत लिहिलंय, फोटो बाकीच्या पुराव्याला पूरक, त्यांच्या बदल्यात नाही. यंत्राला जेवढं दिसतं तेवढंच ते दाखवतं, हे कळणं म्हणजेच विज्ञान कळणं. थळपासून डोंगरापर्यंत वाडीवाडीत आम्ही हेच सांगतोय. 33 फूट लांब, 33 फूट रुंद म्हणजे गुंठा. दोरी घ्या, आपली दळी आधी आपण मोजा, मगच मोजणीच्या कागदावर अंगठा द्या.