कबुतरांचे खुराडे हिवाळ्यात झाकू नका

दिवाळी उरकली आणि रात्री गार पडू लागल्या की आंजी आणि आसपासच्या गावांत कबुतरे पाळणाऱ्यांची एक लगबग सुरू होते. खुराड्याच्या जाळीवर पोती येतात, पोत्यांवर ताडपत्री येते. अंड्यांवर बसलेल्या जोड्या टोपलीसकट घरात येतात. कधी माळ्यावर, कधी थेट झोपायच्या खोलीत. मग डिसेंबर-जानेवारीत त्याच घरातले कोणीतरी खोकला घेऊन दवाखान्यात येते. कारणे तयार असतात: थंडी, धुके, कापसाची धूळ, नाहीतर "संत्री जास्त खाल्ली". कबुतरांचे नाव कोणी घेत नाही.

म्हणून स्पष्टच लिहितो. हिवाळ्यात खुराडे बंद करणे आणि पिले घरात वाढवणे ही सवय मोडायला हवी. पाखरांचे तिच्यात भले नाही आणि माणसाचे फुप्फुस मात्र तिच्यामुळे कायमचे निकामी होऊ शकते.

हा आजार होतो कसा?

कबुतर हातात घेतले की शर्टावर पांढरी भुकटी उतरते, ती तुम्ही रोज पाहता. ती पिसांची धूळ. वाळलेल्या विष्ठेचीही अशीच धूळ होते. या दोन्हींत पक्ष्याच्या शरीरातली प्रथिने असतात. श्वासाबरोबर ती फुप्फुसातल्या अगदी बारीक वायुकोशांपर्यंत पोचतात. काही माणसांचे शरीर या प्रथिनांना शत्रू समजते आणि धूळ आत गेली की तिथे सूज आणते. या आजाराला हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस म्हणतात. १९६५ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी त्याचे जे वर्णन छापले, त्यात नाव होते 'पिजन ब्रीडर्स लंग', म्हणजे कबुतरे वाढवणाऱ्याचे फुप्फुस. आजाराला नावच तुमच्या छंदावरून पडले आहे.

हा जंतूंचा आजार नाही. म्हणून तो एकाचा दुसऱ्याला लागत नाही आणि अँटिबायोटिकने बराही होत नाही.

तो दोन प्रकारे दिसतो. सकाळी खुराडे झाडले, चार ते आठ तासांनी थंडी वाजून ताप, अंगदुखी, कोरडा खोकला, छातीत आवळल्यासारखे. एक-दोन दिवसांत आपोआप बरे. हा झाला पहिला प्रकार. दुसरा जास्त वाईट, कारण तो गुपचूप येतो. रोज थोडी थोडी धूळ, महिनोन्‌महिने कोरडा खोकला, जिना चढताना दम, वजन कमी. फुप्फुसात व्रणासारखे कडक जाळे तयार होते. ते झाल्यावर कोणतेही औषध फुप्फुस पूर्ववत करू शकत नाही.

२०१७ मध्ये भारतातल्या १९ शहरांतील २७ रुग्णालयांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. फुप्फुस कडक होण्याच्या आजारांचे १,०८४ रुग्ण त्यात होते. त्यातल्या सुमारे ४७ टक्के रुग्णांचे निदान हेच होते. कारणांच्या यादीत कूलर आणि बुरशीबरोबर पक्षीही होते.

तुमचे युक्तिवाद आणि माझी उत्तरे

"झाकले नाही तर पाखरे गारठून मरतील." आपल्याकडे कडाक्याच्या रात्री पारा १०-१२ अंशांपर्यंत उतरतो. पाळीव कबुतर हे कड्याकपारीत राहणाऱ्या रानकबुतराचे वंशज आहे. ते बर्फ पडणाऱ्या प्रदेशांतही उघड्यावर हिवाळा काढते. त्याच्या शरीराचे तापमान ४१ अंशांच्या आसपास असते आणि पिसे फुगवून ते ऊब धरते. त्याला त्रास होतो तो ओल आणि थेट वाऱ्याच्या झोताचा. ताडपत्रीखाली नेमकी ओल साचते, विष्ठेचा अमोनिया कोंडतो आणि पाखरांचाच श्वास बिघडतो.

"मोठी तगतात, पण पिले मरतात." हे खरे आहे. पिलू आठ-दहा दिवसांचे झाले की आई-बाप रात्रभर त्याच्यावर बसत नाहीत आणि तेव्हा त्याच्या अंगावर पुरती पिसे नसतात. पण याचा उपाय पिलू तुमच्या खाटेखाली ठेवणे नव्हे. डिसेंबर आणि जानेवारीत जोड्या लावूच नका. नर-मादी वेगळे ठेवा, किंवा अंडी काढून लाकडी अंडी ठेवा. मादी दर खेपेला दोन अंडी घालते, साधारण १८ दिवस नर-मादी आळीपाळीने ती उबवतात, मग दोघेही गळ्यातले दूध पाजून पिले वाढवतात. बारमाही हे केल्याने पाखरे झिजतात. दोन महिने विश्रांती त्यांनाही हवी.

"आमच्या आजोबांनी जन्मभर पाळली, त्यांना काही झाले नाही." धूळ सगळ्यांच्या छातीत जाते, आजार काहींनाच होतो. तुम्ही कोणत्या गटात आहात हे आधी कळत नाही. शिवाय आजोबांच्या अंगणात उघडे खुराडे होते. तुमचे खुराडे बंद खोलीत आहे आणि तिथे नातवंडेही झोपतात.

"कबुतराची हवा लकव्याला चांगली." अजिबात नाही. लकव्याचा झटका आला तर साडेचार तासांच्या आत मोठ्या रुग्णालयात पोचण्याला महत्त्व आहे. कबुतरे गोळा करण्यात तो वेळ जातो.

"हा मुंबईचा प्रश्न आहे." २०२५ च्या ऑगस्टमध्ये दादरच्या कबुतरखान्यावर महापालिकेने टाकलेली ताडपत्री आंदोलकांनी कशी फाडली, हे आपण टीव्हीवर पाहिले. तो वाद उघड्या चौकातल्या दाण्यांचा होता. आपल्याकडे कबुतरे कमी असतील, पण ती घरात आहेत. धूळ किती जवळ, किती बंद जागेत आणि किती तास, यावर आजार ठरतो.

"एक इंजेक्शन घेतले की बरे वाटते." त्या इंजेक्शनात बहुतेकदा स्टिरॉइड असते. ते सूज तात्पुरती दाबते. तुम्ही घरी त्याच धुळीत परतता, आणि आतले नुकसान चालूच राहते. असे इंजेक्शन वारंवार टोचणाऱ्या माझ्या व्यवसायबंधूंनाही सांगणे आहे: आधी घरात काय पाळले आहे ते विचारा.

मग काय करायचे?

कबुतरे सोडून द्या, असे मी निरोगी माणसाला सांगत नाही. एवढे मात्र करा:

- खुराडे घरापासून दूर, अंगणात ठेवा. उत्तरेकडची एक बाजू फळीने अडवा, समोरची जाळी उघडी राहू द्या.
- कोरडे झाडू नका. आधी पाणी शिंपडा, मग खरवडा. एन-९५ मास्क लावा. रुमाल किंवा दुपट्टा पुरत नाही.
- कपडे बदलूनच घरात या. लहान मुले, गरोदर बाई, दम्याचे रुग्ण यांना हे काम देऊ नका.
- आजाराचे निदान झालेच, तर कबुतरे द्यावीच लागतील. मास्क लावून पाळणे तेव्हा चालत नाही. घरही नीट पुसून घ्या, कारण धूळ महिनोन्‌महिने टिकते.

खोकला दोन आठवड्यांपेक्षा जास्त असेल तर आंजीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात थुंकी तपासा. क्षयरोग नाही असे निघाले आणि तरी दम लागत असेल, तर सेवाग्राम किंवा सावंगीला छातीच्या डॉक्टरांना दाखवा. या आजारात साधा एक्स-रे स्वच्छ दिसू शकतो; एचआरसीटी आणि फुंकण्याची तपासणी लागते. आणि डॉक्टरांनी विचारले नाही तरी पहिल्याच वाक्यात सांगा: आमच्या घरी कबुतरे आहेत.