मंजुरीपत्रानंतरचे संशोधन

एखाद्या डॉक्टरला वैद्यकीय संशोधनासाठी अनुदान मंजूर झाले की बातमी येते. सोबत फोटो असतो: हातात मंजुरीपत्र, शेजारी अधिष्ठाता, मध्ये पुष्पगुच्छ. पुढच्या तीन वर्षांत त्या पैशाचे काय झाले याची बातमी मात्र कधी येत नाही. संशोधन तगते की बुडते हे ठरते त्याच तीन वर्षांत, आणि ते प्रयोगशाळेपेक्षा लेखा शाखेच्या टेबलावर जास्त ठरते.

जालना जिल्ह्याला हा विषय आता परका राहिलेला नाही. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्यातील ज्या दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले, त्यात जालना होते. महाविद्यालय आले की अध्यापक येतात आणि अध्यापकांच्या पदोन्नतीला शोधनिबंध लागतात. म्हणजे आज ना उद्या इथूनही संशोधनाचे प्रस्ताव जाणार, त्यातले काही मंजूर होणार. विषयांची तर इथे वाण नाही. लोखंडाच्या रोलिंग मिलमध्ये भर उन्हाळ्यात भट्टीसमोर उभा राहणारा कामगार आहे, कपाशीवर फवारणी करणारा शेतमजूर आहे, आणि अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा या तालुक्यांतून दरवर्षी कोयता घेऊन निघणारी ऊसतोड कुटुंबे आहेत.

ऊसतोडीचेच उदाहरण घेऊ. समजा, एका सहायक प्राध्यापकाने ठरवले की तोडीला जाणाऱ्या महिलांचे हिमोग्लोबिन आणि मूत्रपिंडाचे काम निघण्यापूर्वी एकदा आणि परतल्यावर एकदा तपासायचे. प्रश्न चांगला आहे, प्रस्ताव मंजूर होतो. पत्र येते मे महिन्यात. टोळ्या निघतात दसरा-दिवाळीच्या सुमारास. हातात पाच महिने आहेत, म्हणजे भरपूर वेळ आहे, असे कोणालाही वाटेल.

आता त्या पाच महिन्यांत काय काय व्हायचे ते पाहा. संस्थेने करारावर सही करायची. प्रकल्पाचे खाते उघडून ते केंद्राच्या पीएफएमएस या वित्तीय प्रणालीशी जोडायचे. नीतिमत्ता समितीची मान्यता राहिली असेल तर तिची बैठक लावायची. क्षेत्रीय सहायकांसाठी जाहिरात, अर्ज, मुलाखती, नेमणुकीचे आदेश. तपासणीच्या यंत्रासाठी दरपत्रके किंवा सरकारच्या जेम पोर्टलवरून खरेदी. यातले एकही काम अवघड नाही. पण प्रत्येक कामाची एक फाइल आहे आणि प्रत्येक फाइलवर चार सह्या आहेत. यंत्र येते तेव्हा गावात म्हातारी माणसे आणि शाळकरी मुले उरलेली असतात. टोळ्या गेलेल्या असतात, आणि त्या परतणार मार्च-एप्रिलमध्ये. निघण्यापूर्वीची तपासणीच झालेली नसल्याने परतल्यावरच्या तपासणीला अर्थ उरत नाही. एक अख्खे वर्ष गेले.

दुसऱ्या वर्षी वेगळीच अडचण येते. अनुदान एकरकमी मिळत नाही, हप्त्यांनी मिळते. पुढचा हप्ता हवा तर आधीच्या हप्त्याचे खर्चाचे विवरण आणि ‘जीएफआर १२-ए’ नमुन्यातले उपयोगिता प्रमाणपत्र द्यावे लागते. पहिल्या वर्षी पैसे खर्चच झाले नाहीत, म्हणून पुढचा हप्ता अडतो. केंद्राच्या अनेक योजनांत ३१ मार्चला न वापरलेली खर्चमर्यादा आपोआप रद्द होते आणि नवी मिळेपर्यंत आठवडे जातात. नेमके तेच दिवस टोळ्या गावी परतण्याचे असतात! खात्यात पडून राहिलेल्या पैशावर व्याज मिळाले असेल तर तेही केंद्राला परत करायचे असते. ते योग्यच आहे. पण काही शे रुपयांच्या व्याजाचा हिशेब जुळला नाही म्हणून लाखोंचा हप्ता थांबू शकतो, हे संशोधकाला कोणी शिकवलेले नसते.

या सगळ्याचा पहिला फटका बसतो तो क्षेत्रीय सहायकाला. तांड्यावर जाऊन संमतिपत्र वाचून दाखवणारी, बाईला विश्वासात घेऊन रक्ताचा नमुना घेणारी ही मुलगी कंत्राटी असते. तीन-चार महिने मानधन आले नाही की ती दुसरी नोकरी शोधते. तिच्याबरोबर तिने जोडलेली माणसेही जातात, कारण नव्या माणसाला त्याच दारात पुन्हा पहिल्यापासून ओळख करून द्यावी लागते. आणि ज्या बाईने एकदा रक्त दिले, तिच्याकडे दुसऱ्यांदा कोणी फिरकलेच नाही, तर ते नुसते वाया गेलेले अनुदान नसते. तिने दिलेली संमती पूर्ण अभ्यासासाठी होती.

दोष लेखा शाखेतल्या लिपिकाचा आहे असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. तोच माणूस महाविद्यालयाचे पगार काढतो, औषधांची देयके पाहतो, प्रवासभत्ते तपासतो. भांडार शाखेला सवय राज्याच्या खरेदी नियमांची आणि प्रकल्पाचे पैसे केंद्राचे. पैसा जनतेचा आहे, उद्या लेखापरीक्षणात आक्षेप आला तर उत्तर त्यालाच द्यायचे आहे. प्रवासाच्या शीर्षातून उरलेले पैसे परवानगीशिवाय रसायनांवर खर्च करू न देणारा लिपिक नियमानेच वागत असतो. अडचण ही आहे की संशोधकाला नियम माहीत नाहीत आणि लिपिकाला संशोधन म्हणजे काय ते माहीत नाही, आणि दोघांच्या मध्ये उभे राहणारे कोणी नाही.

शिवाय नियमही मध्येच बदलतात. सार्वजनिक निधीवर चालणाऱ्या संशोधन संस्थांना वैज्ञानिक उपकरणांवर पूर्वी ५ टक्के सवलतीचा जीएसटी होता. १८ जुलै २०२२ पासून ती सवलत गेली आणि दर १८ टक्के झाला. ज्यांचे अंदाजपत्रक आधीच मंजूर होते, त्यांनी वरचे १३ टक्के कुठून आणायचे? उलट दिशेचा बदल जून २०२५ मध्ये झाला. दरपत्रकांशिवाय खरेदीची मर्यादा वैज्ञानिक संस्थांसाठी एक लाखावरून दोन लाखांवर गेली आणि खरेदी समितीमार्फतची मर्यादा दहा लाखांवरून पंचवीस लाखांवर. ही सवलत आपल्या संस्थेला आणि आपल्या प्रकल्पाला लागू होते की नाही, हे फाइल अडण्यापूर्वी शोधून ठेवणारा माणूस महाविद्यालयात असायला हवा.

मराठवाड्यात मोठे संशोधन होत नाही, असे मात्र कोणी म्हणू नये. तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात, मुंबईचे टाटा मेमोरियल सेंटर, बार्शीचे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची चाचणी केली. ५२ ग्रामसमूह, १,३१,७४६ महिला. सुरुवात १९९९ मध्ये, निष्कर्ष प्रसिद्ध झाले २००९ मध्ये. एचपीव्हीची एकच तपासणी केलेल्या गटात या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्याने कमी आढळले आणि त्या निष्कर्षाचा आधार जगभर घेतला गेला. दशकभर चाललेल्या अशा कामात दरवर्षी वाहनाला डिझेल लागते, परिचारिकांना वेळेवर पगार लागतो आणि कोणाकडे तरी नीट लिहिलेली वही लागते. बार्शीकडे हे होते, कारण तिथे १९८७ पासून ग्रामीण कर्करोग नोंदणी चालू होती. माणसे आणि हिशेबाची घडी आधी बसली होती, मोठे अनुदान नंतर आले.

जालन्यात हा क्रम उलटा होण्याची भीती आहे. आधी खाटा, आधी डॉक्टर, संशोधनाचे नंतर पाहू, असे म्हणणारे चूक नाहीत. पण या कामाला इमारत लागत नाही. एक प्रशिक्षित लेखापाल आणि एक प्रकल्प समन्वयक पुरे. मानधन थकू नये म्हणून एक छोटा फिरता निधी हवा, जो हप्ता आल्यावर भरून निघेल. प्रत्येक प्रकल्पात एक सहसंशोधक असा हवा ज्याची बदली लवकर होणार नाही, कारण शासकीय महाविद्यालयात प्रमुख संशोधकाची बदली झाली की प्रकल्पाचा वाली कोण, हे ठरवण्यातच सहा महिने जातात. तेही प्रत्येक महाविद्यालयाने वेगळे करायला नको. साठेक किलोमीटरवर छत्रपती संभाजीनगरचे १९५६ पासूनचे महाविद्यालय आहे. जालना, परभणी, हिंगोली या नव्या महाविद्यालयांसाठी तिथे एक सामायिक कक्ष चालवता येईल. देशातही हा विचार नवा नाही. डीबीटी-वेलकम इंडिया अलायन्सने २०१८ मध्ये संशोधन व्यवस्थापनासाठी स्वतंत्र उपक्रम सुरू केला, तो याच उणिवेमुळे.

खर्च कोणी करायचा, हा प्रश्न राहतो. बहुतेक अनुदानांत संस्थेसाठी म्हणून काही टक्के रक्कम धरलेली असते. ती आज महाविद्यालयाच्या सर्वसाधारण खर्चात विरून जाऊ शकते. जालन्यात पहिला प्रकल्प येण्यापूर्वीच महाविद्यालय परिषदेत ठराव करून ती या कक्षासाठी राखून ठेवता येईल. त्यासाठी मुंबईहून कोणी येण्याची वाट पाहावी लागत नाही, आणि दसऱ्याआधी एवढे झाले तरी पुष्कळ आहे.