तापट, पण मनाचे निर्मळ

"साहेब तापट आहेत खरे, पण मनाचे अगदीं निर्मळ!" हें वाक्य ज्यानें आयुष्यांत एकदां तरी ऐकलें नाहीं, असा नोकरदार मराठी माणूस आम्हांस अद्याप भेटावयाचा आहे. निरोपसमारंभांत तर या वाक्याला मंत्राचें महत्त्व येतें. ज्या गृहस्थानें तीस वर्षें हाताखालच्या माणसांना घाम फोडला, त्याच्या गळ्यांत हार घालतांना वक्ता तें उच्चारतो, टाळ्या पडतात, आणि ज्यांनीं तो घाम पुसला तेहि टाळ्या वाजवितात. राग येतो नि क्षणांत जातो, पोटांत कांहीं राहत नाहीं, असा या वाक्याचा युक्तिवाद. साहेबांच्या पोटांत कांहीं राहत नसेल. आम्ही तें मान्य करितों. पण मग तें जातें कोठें, एवढाच आमचा प्रश्न आहे.

कांहीं वर्षांपूर्वीं एका कचेरीशीं आमचा नित्य संबंध येत असे. तेथील शिपाई हीच त्या कचेरीची खरी वेधशाळा. साहेबांनीं गाडीचें दार कसें लावलें, नमस्काराला मान हालली कीं नाहीं, एवढ्यावरून तो दिवसाचें भाकीत करी; आणि "आज लक्षण ठीक नाहीं" हा त्याचा शब्द टेबलोटेबलीं फिरला कीं सहीसाठीं निघालेल्या फायली अर्ध्या वाटेवरून परत येत. अशाच एका दिवशीं एका कारकुनाला एका विधवेच्या निवृत्तिवेतनाच्या हिशेबांत आपल्याच हातची चूक सांपडली. त्याच वेळीं बोलता तर दहा मिनिटांचें काम होतें. तो म्हणाला, "उद्यां पाहूं." उद्यांहि लक्षण ठीक नव्हतें. प्रकरण तसेंच वर गेलें, आक्षेप लागून परत आलें, आणि त्या बाईंच्या हातीं पैसा पडण्यास सात महिने लागले. या साऱ्या काळांत साहेबांचें मन निर्मळच होतें.

हा आमचा एकट्याचा ग्रह म्हणून कोणी सोडून देऊं नये. सिगल बार्सेड या अमेरिकन विदुषीनें २००२ सालीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. व्यवस्थापन शिकणाऱ्या विद्यार्थ्यांचे लहान लहान गट करून त्यांना बोनसच्या रकमेची वांटणी करण्यास सांगितलें, आणि प्रत्येक गटांत नाट्यविद्येचा एक विद्यार्थी गुपचूप बसविला. कोठें तो उल्हासानें वागे, कोठें त्रासिकपणें. त्या एकट्याच्या रंगानें साऱ्या गटाचा रंग पालटला. तो प्रसन्न असे तेथें सहकार्य वाढलें, तंटा कमी झाला. २०१५ सालीं इस्रायलमध्यें झालेला प्रयोग तर अंगावर कांटा आणणारा आहे. नवजात बालकांच्या अतिदक्षता विभागांतील २४ पथकांपुढें अकालीं जन्मलेल्या बालकाची प्रकृति बिघडल्याचा कृत्रिम प्रसंग उभा केला. त्यांतील कांहीं पथकांना एका परदेशी तज्ज्ञाचे कुत्सित शेरे ऐकविले. शेऱ्यांचा त्या पथकांच्या कामाशीं संबंध नव्हता, ओरडणें तर मुळींच नव्हतें. तरीहि या पथकांचें निदान आणि हातचें काम दोन्ही घसरलीं. कारण डॉक्टर नि परिचारिका एकमेकांना माहिती देईनाशा झाल्या, मदत मागेनाशा झाल्या. सुदैवानें तें बालक खरें नव्हतें.

एका मनांतील भाव चेहऱ्यावाटे दुसऱ्या मनांत कसा उतरतो, याचें शास्त्र भरतमुनींनीं नाट्यशास्त्रांत मांडून ठेविलें आहे. भेद एवढाच, कीं नाट्यगृहांतील प्रेक्षक आपल्या खुषीनें आलेला असतो आणि प्रयोग रुचला नाहीं तर उठून जाऊं शकतो. कचेरींतील रौद्ररसाला असा प्रेक्षक नाहीं. ज्याची बढती, बदली आणि रजा समोरच्या माणसाच्या लेखणीत आहे, त्यानें तो चेहरा सतत न्याहाळावा हें ओघानेंच आलें. म्हणून वरच्याची चिडचीड वेगानें खालीं उतरते, खालच्याची मात्र वर चढत नाहीं. ती घरीं जाते आणि मुलांच्या पाठीवर उतरते.

आणि गंमत पाहा, भावना आवरण्याचा उपदेश कोणाला होतो? दुकानांतील विक्रेतीला, दूरध्वनीवर तक्रारी ऐकणाऱ्या मुलाला, हवाईसुंदरीला. आर्ली हॉकशील्ड यांनीं १९८३ च्या आपल्या ग्रंथांत दाखवून दिलें, कीं विमानांतील तें हास्य म्हणजे श्रमच आहेत, आणि ते शिकवून, तपासून घेतले जातात. सर्वांत कमी पगाराच्या माणसानें दिवसभर हसावें, आणि सर्वांत मोठ्या पगाराच्या माणसाला मात्र संतापण्याची मुभा असावी! त्यांतहि पुरुष अधिकारी ओरडला तर 'करडा', 'करारी'. बाई तेवढ्याच आवाजांत बोलली तर 'कजाग', आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलें तर ती त्या पदाला नालायक. भाषेच्या या पक्षपाताविषयीं स्वतंत्र लेखच लिहावा लागेल.

"मग वरिष्ठांनीं रागवूंच नये कीं काय?" असें विचारणारे विचारोत. खोटा हिशेब, पुलाच्या कामांतील कमी सिमेंट, रुग्णाच्या उशाशीं केलेला निष्काळजीपणा पाहून ज्याला राग येत नाहीं, तो अधिकारी आम्हांस नको. असा राग हाताखालच्यांना कळतो, आणि त्यानें तेहि सावध होतात. कशाकरितां तो आला हें त्यांना दिसत असतें. आमची तक्रार आहे ती ज्याचें कारण घरीं, रस्त्यांत किंवा वरच्या साहेबाच्या खोलींत राहून गेलें आहे, आणि जो येथें केवळ रिकामा होण्यासाठीं आला आहे, त्या रागाविषयीं. तोहि कधीं सुटणारच, माणूस आहे. पण मग निर्मळ मनाच्या माणसानें निदान हिशेब तरी चोख ठेवावा. त्या कचेरींत साहेबांचा आवाज दहा टेबलांना ऐकूं जात असे. "माझें जरा चुकलें" हे शब्द त्यांनीं एकदां उच्चारले, हें आम्हांस ठाऊक आहे. पण त्याच कारकुनाला आंत बोलावून, दार लोटून घेऊन, हळू आवाजांत. बाकीच्या नऊ टेबलांना तें अजून कळलेलें नाहीं.