वही आणि तबकडी

दिवाळीच्या पाडव्यास नव्या वहीची पूजा आम्ही आजही करतो. परंतु खरा हिशेब आता संगणकाच्या पोटात असतो, हे आपल्यापैकी कोणी नाकारणार नाही. वहीस वाळवी लागली तर ती डोळ्यांना दिसते. तबकडीस काय लागले, हे मात्र ती उघडण्याची वेळ येईपर्यंत कळत नाही.

दोन वर्षांपूर्वी भागीदारीतील एका जुन्या वाटणीचा प्रश्न निघाला, तेव्हा १९९६ ते १९९९ या सालांच्या हिशेबाच्या फ्लॉप्या आम्ही पेढीवरील पेटीतून काढल्या. त्या वाचणारे यंत्र मिळविण्यातच आठवडा गेला. मग निम्म्याहून अधिक फ्लॉप्या वाचल्याच गेल्या नाहीत. एकीवर तर बेळगावच्या पावसाळ्याने बुरशीचे वर्तुळ उमटविले होते. त्याच पेटीतील, तीर्थरूपांच्या हातची १९५८ सालची खतावणी मात्र पहिल्या पानापासून शेवटपर्यंत स्वच्छ वाचता आली. वाटणी अखेर चुलतबंधूंच्या शब्दावर मिटली. असे चुलतबंधू सर्वांनाच लाभतात असे नाही!

फ्लॉपी म्हणजे प्लास्टिकच्या पातळ चकतीवर दिलेला चुंबकीय भुकटीचा लेप. वाचताना यंत्राचे टोक त्या लेपास प्रत्यक्ष घासते, म्हणून ती वापराने झिजते. आणि न वापरता ठेवली तरी भुकटी धरून ठेवणारा चिकट पदार्थ दमट हवेने बिघडत जातो. हार्डडिस्कमध्ये हे टोक चकतीस न टेकता हवेच्या अतिसूक्ष्म थरावर तरंगते खरे, पण तेथे फिरकीचे बेअरिंग व त्यातील वंगण थकते. घरी लिहिता येणाऱ्या सीडीतील रंगाचा थर ऊन व उष्णता यांनी विटतो. पेनड्राइव्ह वर्षानुवर्षे पडून राहिला तर त्यातील विद्युत्भार हळूहळू गळतो. यांपैकी एकही वस्तू तिजोरीत ठेवून विसरण्याजोगी नाही. इकडे कंपनी कायदा, २०१३ अन्वये कंपनीस आपले हिशेब निदान आठ आर्थिक वर्षे राखावे लागतात, आणि घरच्या वाटण्यांना तर मुदतच नसते.

काही तरुण सभासद म्हणतील, आता सर्व काही क्लाउडवर राहते. राहो, परंतु वर्गणी थकली की ते दारही बंद होते.

आमच्या मते उपाय आपल्या घरातच आहे. श्रुतपंचमीस शास्त्रभांडारातील ग्रंथ बाहेर काढून, झाडून-पुसून, नव्या वेष्टनात बांधण्याची चाल आपल्याकडे आहे. श्वेतांबर बंधूंची ज्ञानपंचमीही त्याच भावनेची. मूडबिद्रीस धवलाची ताडपत्रे शतकानुशतके राहिली, पण त्यांवरून नकला उतरविल्या गेल्या, म्हणूनच १९३९ पासून तो ग्रंथ अमरावतीहून छापून निघू शकला. त्या दिवशी प्रत्येक पेढीने आपल्या तबकड्या लावून वाचून पाहाव्यात, जुन्या झालेल्यांवरील मजकूर नव्यांवर उतरवावा, आणि एक प्रत परगावच्या नातलगाकडे ठेवावी. खर्च म्हणाल तर एका हार्डडिस्कचा. वेळ म्हणाल तर एका दुपारचा.

संघाच्या कार्यालयातील लोखंडी कपाटात मागील काही स्मरणिकांच्या सीडी आहेत. ज्या संस्थापक सभासदांची छायाचित्रे त्यांच्या घरीही उरलेली नाहीत, ती त्यांवर आहेत असे सांगतात. त्या शेवटच्या केव्हा उघडल्या, असे आम्ही गेल्या सभेत विचारले. चिटणिसांनी किल्ली शोधतो म्हणून सांगितले आहे.