मोलकरणीने लावला खुनाचा छडा

गुप्तहेर म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर कोण येतो? कोटवाला, हॅटवाला, तोंडात पाईप धरलेला साहेब. आपल्याकडे बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजारने आणि काळ्या पहाडने कित्येकांना वाचनाचे वेड लावले. परंतु असल्या रहस्यकथांत घरकाम करणारी बाई कशाला असते? चहाचा ट्रे आणायला, प्रेत पाहून किंकाळी फोडायला, नाहीतर दागिने गेले की पहिला संशय घ्यायला!

अमेरिकेतल्या बार्बरा नीली या कृष्णवर्णीय लेखिकेने हे चित्रच उलटे केले. १९९२ ते २००० या काळात तिच्या चार रहस्यकादंबऱ्या आल्या आणि चारहींत खुनाचा छडा लावते ती एक मोलकरीण. अंगाने जाडजूड, रंगाने काळीभोर, जिभेने तिखट. नाव ब्लँश व्हाइट. ब्लँश म्हणजे फ्रेंच भाषेत पांढरी आणि व्हाइट म्हणजे इंग्रजीत पांढरे. आपल्याकडे एखाद्या काळ्या बाईचे नाव गोरीबाई गोरे असावे, तशातला हा प्रकार.

पहिली कादंबरी 'ब्लँश ऑन द लॅम', म्हणजे फरार ब्लँश. ती घडते अमेरिकेच्या दक्षिणेकडील नॉर्थ कॅरोलिना राज्यात, फार्ली नावाच्या कल्पित गावी. कामावरची माणसे पगार न देताच बाहेरगावी निघून गेल्यामुळे ब्लँशचे चेक वटत नाहीत. कोर्ट तिला तीस दिवसांची कैद देते. पगार बुडवणारे मोकळे आणि जिचा बुडाला ती आत! बाई कोर्टातूनच सटकते आणि लपते कुठे, तर एका श्रीमंत गोऱ्या कुटुंबात स्वयंपाकीण म्हणून. पोलीस दारात येतात, पण चूल-भांडी करणाऱ्या बाईच्या तोंडाकडे बघतो कोण?

खरी गंमत इथेच आहे. मालकाला मोलकरीण दिसत नाही, मोलकरणीला मात्र मालकाचे सगळे दिसते. कोणाच्या खोलीत कोणती बाटली, कोण कोणाशी बोलत नाही, मी येताच कोण गप्प झाले. अधिकाऱ्याला जे चौकशी करून कळत नाही, ते हिला झाडू मारता मारता कळते. मालकांसमोर ती बावळटाचे सोंग घेते आणि मैत्रीण आर्डेलशी बोलताना त्याच मालकांची अशी सालटी काढते की वाचणाऱ्याचे पोट दुखावे. गावाची खरी खबर असते ती स्वयंपाकिणींकडे आणि माळ्यांकडे. दक्षिणेतल्या मालक-नोकरांचा हा पिढ्यान् पिढ्यांचा संबंध कादंबरीत मुरलेला आहे. म्हणूनच ही गोष्ट दुसऱ्या कोणत्याही गावात घडू शकली नसती.

ब्लँशने एका रोगाला नाव दिले आहे. "मालकीण मला घरचीच समजते," असे ज्या नोकराला मनापासून वाटू लागते, त्याला हा रोग जडला असे ती म्हणते. भगिनींनो, धुणीभांडी करणाऱ्या आपल्या कितीतरी बायका हेच वाक्य बोलतात. घरची असेल, तर आजारपणातला खाडा का कापला जातो? वेगळा कप कशासाठी?

दुसऱ्या कादंबरीत ब्लँश मेन राज्यातल्या समुद्रकाठच्या एका विश्रामस्थळी जाते. तिथे उतरणारी मंडळी काळ्या समाजातलीच, पण शिकलेली, पैसेवाली आणि रंगाने उजळ. तीच ब्लँशच्या काळ्या रंगाला नाक मुरडतात. कादंबरीच्या नावात 'टॅलेंटेड टेन्थ' हे शब्द आहेत. समाजातल्या शिकलेल्या दहाव्या हिश्श्याने बाकीच्यांना वर आणावे, हा विचार डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांनी १९०३ साली या शब्दांत मांडला होता. याच डुबॉइस यांना बाबासाहेबांनी १९४६ साली पत्र लिहिले होते. शिकलेली माणसे वर चढल्यावर शिडी ओढून घेतात काय, हा नीलीचा प्रश्न आपल्यालाही चुकलेला नाही.

तिसरी कादंबरी बोस्टनची. तिथे जुन्या घरांच्या रंगातल्या शिशाने गरिबांच्या मुलांना होणारी विषबाधा येते. चौथीत ब्लँश फार्लीला परतते, ती तिच्यावर पूर्वी बलात्कार करणाऱ्याचा हिशेब चुकता करायला. असे विषय असूनही विनोद सुटत नाही. कारण हा विनोद गरिबावर हसणारा नसून गरिबाने हसलेला आहे.

लहानपणी काळी म्हणून पोरे ब्लँशला चिडवत. तेव्हा एका वडीलधाऱ्या बाईने तिला सांगितले, तू रात्रीची मुलगी आहेस, इतरांना अंधारात दिसत नाही ते तुला दिसते. आपल्या किती सावळ्या मुलींना असे कोणी सांगते?

नीली स्वतः बायकांच्या प्रश्नांवर काम करणारी कार्यकर्ती होती. पहिल्याच कादंबरीला रहस्यकथांचे अगाथा, अँथनी आणि मॅकॅव्हिटी हे तीन पुरस्कार मिळाले. २०२० साली अमेरिकेतल्या रहस्यकथाकारांच्या संस्थेने तिला 'ग्रँड मास्टर' हा आपला सर्वोच्च मान दिला आणि त्याच वर्षी मार्चमध्ये ती वारली.

ही पुस्तके इंग्रजीत आहेत. घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीने ती वाचावीत आणि संध्याकाळी कामावरून आलेल्या आईला रोज थोडी थोडी सांगावीत. खुनी कोण, हे मी मुद्दामच सांगितलेले नाही. आई ते पोरीच्या आधी ओळखील!