कांद्याची चाळ आणि घरचा सर्व्हर

चांदवडच्या शेतकऱ्याला साठवणुकीचे अर्थशास्त्र कुणी शिकवावे लागत नाही. उन्हाळ कांदा एप्रिल-मेमध्ये निघतो. ज्याची स्वतःची चाळ आहे तो भावाची वाट पाहत काही महिने थांबू शकतो. ज्याची नाही त्याला मिळेल त्या भावात माल मोकळा करावा लागतो. साठवणुकीचे साधन ज्याच्या हाती, अटी त्याच्या. हा नियम आता कांद्यापुरता राहिलेला नाही. संस्थांचे अहवाल, सभांचे वृत्तान्त, आंदोलनांची छायाचित्रे आज परक्या कंपन्यांच्या संगणकांवर पडून असतात. याहू कंपनीने २००९ मध्ये जपानबाहेरची जिओसिटीज सेवा बंद केली, तेव्हा लोकांनी वर्षानुवर्षे उभारलेल्या पानांपैकी काही उत्साही मंडळींनी वाचवली तेवढीच उरली.

वास्तविक ही साधने मूळची सार्वजनिक आहेत. वेबचे तंत्र सर्न या युरोपीय संशोधनसंस्थेने १९९३ मध्ये स्वामित्वशुल्क न आकारता जगाला खुले केले. लिनक्स आणि अपाची याही खुल्याच प्रणाली. त्या चालवायला एखादा जुना संगणकही पुरतो. भांडवल थोडेच लागते. टंचाई आहे ती कौशल्याची. महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या अभ्यासक्रमाने लाखोंना संगणक वापरायला शिकवले. परंतु वापरणे वेगळे आणि चालवणे वेगळे. लिनक्सला आज्ञा देणे, राउटरमधून नेमकी वाट उघडणे, नाव व पत्ता यांची सांगड घालणे, सुरक्षेच्या दुरुस्त्या वेळेवर करणे आणि प्रत दुसऱ्या जागी ठेवणे, एवढे आले की पाया झाला. त्यासाठी पदवी लागत नाही, चिकाटी लागते.

अडचणी नाहीत असे नाही. वीज गेली की सर्व्हर बंद. इंटरनेटच्या जुन्या पद्धतीत पत्तेच सुमारे ४३० कोटी. त्यांचा मध्यवर्ती साठा २०११ मध्ये संपला. म्हणून कंपन्या अनेक ग्राहकांना एकाच पत्त्याआड बसवतात, आणि अशा घरातल्या सर्व्हरपर्यंत बाहेरच्याला सहसा पोचता येत नाही. नव्या पद्धतीत पत्त्यांना तोटा नाही. बाहेरून पोचता येईल असा पत्ता प्रत्येक ग्राहकाला मिळावा, ही मागणी म्हणूनच राजकीय आहे. शिवाय निष्काळजीपणे उघडा ठेवलेला सर्व्हर म्हणजे कुलूप नसलेले घर. सभासदांच्या याद्या शिकाऊ हातांत देऊ नयेत. आरंभ जाहीर मजकुरानेच करावा.

प्रत्येक घरात सर्व्हर हवा, असा हट्ट कुणी धरू नये. घर ही केवळ शाळा. तालुक्यात अशी दहा माणसे तयार झाली तर वाचनालय, कामगार संघटना व सहकारी संस्था यांचा सामाईक सर्व्हर उभा राहू शकेल, आणि एकट्यावरचा भारही हलका होईल. चांदवडला नेमिनाथ जैन संस्थेचे अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तेथील विद्यार्थ्यांशी कार्यकर्त्यांनी संपर्क साधावा. जुन्या अहवालांची एक पेटी प्रत्येक कार्यालयात असतेच. कामाला तेथूनच हात घालता येईल.